चौथी वाटी

"हे पापड वातडले गो कुंदा," आये म्हणाली. "इतक्या लांबसून हाडल्यान आणि पिशयेतच वातडले. उनात घालूया?"

"पापड नाय ते आये. पाण्यात भिजवूचे असतत."

"पापड पाण्यात?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की शाळेत मी पोरांना आजवर काय शिकवत आले याचीच तिला शंका आली असावी. खरं तर मलाही काही ठाऊक नव्हतं. सकाळी थुईने मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी जेवढं सांगितलं होतं, तेवढंच मी पुढे सरकवत होते.

थुईने त्यातला एक पापड उचलून खिडकीसमोर धरला. इतका पातळ, की पलीकडचे गज दिसत होते. मग परातीतल्या कोमट पाण्यात त्याला बुडवून तिने तो पाटावर पसरला. बघता बघता तो ओल्या मलमलीसारखा मऊ झाला. आये पुढे सरकून वाकली.

"अगो, ह्यो तर धोतराचो तुकडो झालो!"

थुई हसली. काय म्हटलं ते तिला कळलं नव्हतं, पण आये हसत होती म्हणून ती हसली.

थुई माझ्या धाकट्या भावाची, गुरूची बायको. व्हिएतनामची. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. मी तेव्हा मालवणच्या एका शाळेत शिकवत होते, लग्न केलं नव्हतं आणि दांडीच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून असलेल्या आमच्या घरात आये आणि मी अशा दोघीच राहत होतो. गुरू तिकडे एका तेलाच्या कंपनीच्या बोटीवर इंजिनात कामाला होता. वुंग ताउ नावाच्या बंदराला ती बोट लागायची आणि तिथे थुईच्या मावशीची जेवणाची टपरी होती. "मासे खाऊक गेलो आणि लगीन करून बसलो," असं आये सगळ्यांना सांगायची. लग्नानंतर बरेच दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मग फोनवर बोलायला लागली, पण फक्त जेवणाबद्दल.

"काय खाल्लंस?"

"सुंगटां. पापडात गुंडाळून, पाल्याबरोबर."

"पालो? तू काय बकरो आसंस?"

सुंगटं म्हणजे कोळंबी. तो पाला, ती सुंगटं आणि ते पापड हे आमच्या घरात थट्टेचा विषय झाले होते. सुनेबद्दल आयेला काही विचारायचं असलं, की ती "तुझे ते सुंगटांचे पातोळे कसे आसत?" असं विचारायची. गुरू समजायचा आणि "बरे आसत, तुझी आठवण काढतत," म्हणायचा.

मग मार्गशीर्षातल्या एका वादळात ती बोट बुडाली. काही माणसं वाचली, काहींची प्रेतं मिळाली. गुरूचं काहीच मिळालं नाही. कंपनीने कळवलं. थुईने फोनवर रडत रडत कळवलं. आयेने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "गावलो नाय म्हणजे मेलो नाय."

त्या वाक्यावर आमचं घर तीन वर्षं उभं होतं. गुरूचा फोटो रेडिओशेजारी फळीवर होता, त्याला हार घालायची कोणाची टाप नव्हती. आचऱ्याचे काका एकदा भीत भीत म्हणाले, "वैनी, पोराचे दिवस घालूया. त्याका गती गावाक होयी." आये म्हणाली, "आधी तुझे घाल." काका चहा न घेता परत गेले.

आणि रोज तिन्हीसांजेला ती तुळशीला दिवा लावायची, खळ्याच्या, म्हणजे अंगणाच्या, टोकापर्यंत जायची आणि समुद्राकडे तोंड करून हाक मारायची, "गुरू, जेवक ये रे!" लहानपणी तो होड्यांवर उड्या मारत बसायचा तेव्हा मारायची तशीच. मग आत येऊन त्याचं ताट वाढून झाकून ठेवायची. सकाळी ते अन्न मी गाईला घालायची. शेजारी नवीन राहायला आलेल्या बाईंनी मला विचारलंसुद्धा, "तुमचे भाऊ फार उशिरा येतात का हो कामावरून?"

मला त्या हाकेचा वीट आला होता. शाळेतून दमून यावं, वह्यांचा गठ्ठा पुढ्यात घ्यावा आणि ती हाक यावी. गुरू गेला हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मला ते सांगता येत नव्हतं एवढंच. आणि मला कोणी जेवायला हाक मारत नसे, मी आपली भूक लागली की वाढून घ्यायची.

अशा घरात थुई आली. गोव्याला विमानातून उतरली, विचारत विचारत एसटीने मालवणला पोचली. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले, पाठीवर मोठी पिशवी. मला तिने "ची" म्हणून हाक मारली. आयेला वाटलं ती "शी" म्हणते आहे. "आल्या आल्या नाक मुरडता गो ही!" त्यांच्यात मोठ्या बहिणीला ची म्हणतात, हे पटवून देताना माझी पुरेवाट झाली. तिचं नावही आयेच्या जिभेवर बसेना. थुईचं तिने "तूय" करून टाकलं. तूय म्हणजे आमच्यात "तू पण". "तूय, हडे ये," असं आये म्हणायची तेव्हा आणखी कोण येणार आहे, असं मला दरवेळी वाटायचं.

थुईला गुरूने शिकवलेले आमचे थोडे शब्द येत होते. आये. पाणी. बरा. आणि एक पूर्ण वाक्य, "जेवक ये." पहिल्या दिवशी दुपारी ताटं वाढली, आये पाटावर बसली, भात कालवायला लागली, तरी थुई हात जोडून म्हणाली, "आये, जेवक ये." माझ्याकडे वळून म्हणाली, "ची, जेवक ये."

"मी जेवकच बसलंय मगे!" आये म्हणाली.

त्यांच्याकडे धाकट्याने थोरांना नाव घेऊन जेवायला बोलावल्याशिवाय घास घ्यायचा नसतो. मी सांगितलं तसं आयेला बरं वाटलं. "वळण आसा पोरीक," ती म्हणाली.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला आये खळ्याच्या टोकाला गेली आणि तिने हाक मारली. "गुरू, जेवक ये रे!"

थुई माझ्याशेजारी ओटीवर बसली होती. ती ताडकन उभी राहिली आणि तिने समुद्राकडे बघून हात जोडले. मग हळूच मला विचारलं, "रोज?"

"हो, रोज."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आमच्याकडे वर्षातून एकदा करतात. तो गेला त्या तिथीला. त्याच्या आवडीचं रांधायचं, फोटोसमोर ठेवायचं, उदबत्त्या लावायच्या आणि नाव घेऊन जेवायला बोलवायचं. तुझी आई रोज बोलावते. ती माझ्यापेक्षा जास्त करते."

मी काय सांगणार होते? आये मेलेल्याला बोलवत नाही, जिवंत माणसाला बोलावते, हे कोणत्या इंग्रजीत सांगायचं?

मग ती का आली ते तिने सांगितलं. त्यांच्यात तिसऱ्या वर्षी शोक संपवतात. ती तिथी दोन दिवसांवर आली होती. "दोन वर्षं मी माझ्या घरी त्याला बोलावलं," ती म्हणाली. "पण तो पाण्यात गेला, ची. त्याला माती मिळाली नाही. असा माणूस भुकेला फिरत राहतो. या शेवटच्या खेपेला तो आपल्या आईच्या घरी जेवला पाहिजे. मग तो फिरायचा थांबेल. तुझी आई मला फोटोसमोर वाढू देईल ना? तू विचारशील?"

"विचारते," मी म्हटलं.

रात्री आये मला म्हणाली, "ही उगाच नाय इली हां कुंदा. इतकी वाट काढून कोण येता? हिका कायतरी म्हायत आसा. गुरूचो निरोप आसतलो." तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला दिसत होता. त्या चेहऱ्याकडे बघून मी काहीही विचारलं नाही. उद्या विचारू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी थुईने आपल्या पिशवीतून, कपड्यांत गुंडाळलेली एक काळपट बाटली काढली. बारीक मासळी मिठात महिनोन्महिने मुरवून काढलेलं पाणी. आयेने बूच उघडलं आणि मान मागे घेतली.

"बाटलेत सुक्या मासळीचो बाजार भरून हाडल्यान काय हिणा!"

पण थुईने त्यात लिंबू पिळलं, साखर घातली, लसूण आणि मिरची बारीक चिरून टाकली, शहाळ्याचं पाणी घातलं. आयेने तळहातावर थेंब घेऊन चाखला आणि ती विचारात पडली. "आंबट, गोड, तिखट, खारट. सगळी एकदम येतत. कोणाक आधी धरूचा?" तिला ते आवडलं होतं, हे तिच्या दुसऱ्या थेंबावरून कळलं.

दुपारी तळलेल्या बांगड्याबरोबर थुईने ते एकाच वाडग्यात घालून मधोमध ठेवलं. स्वतः बांगड्याचा तुकडा बुडवला, चावला आणि उरलेला पुन्हा त्याच वाडग्यात बुडवला. आयेचा हात तिथेच थांबला.

"उष्टां केल्यान गो!"

थुई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. उष्टं या शब्दाला इंग्रजीत शब्द नाही. तोंड लागलेलं दुसऱ्याने खायचं नाही, एवढं मी सांगितलं. ती म्हणाली, त्यांच्याकडे सगळ्या घराचं वाडगं एकच असतं, त्यात सगळे बुडवतात म्हणून तर ते घर. मग तिने मुकाट्याने उठून फडताळातून वाट्या आणल्या, तीन, आणि प्रत्येकीची वेगळी वाढली. आयेला नंतर वाईट वाटलं. बांगड्याचा मधला तुकडा तिने थुईच्या ताटात सरकवला.

मी त्या दिवशीही विचारलं नाही.

आणि मग तो दिवस उजाडला. नशीब की मार्गशीर्षातला गुरुवार नव्हता, नाहीतर घरात सुंगटं आणायला आयेने मज्जाव केला असता. सकाळीच थुई माझ्याबरोबर बाजारात आली. घासाघीस न करता मोठी मोठी सुंगटं उचलायला लागली तेव्हा मी तिला मागे ओढलं. घरी आल्यावर तिने ती नारळाच्या पाण्यात मीठ घालून कवचासकट उकडली, सोलली, पाठीवरून धागा काढला आणि प्रत्येकाचे पाठीपासून पोटापर्यंत चिरून सारखे दोन उभे काप केले. एका बाजूला केशरी, एका बाजूला पांढरे.

"तिकला नाय, हळद नाय," आये कुरकुरली. "नागडी सुंगटां."

मग थुईने पिशवी चाचपली आणि तिचा चेहरा पडला. गुंडाळीत घालायच्या तांदळाच्या बारीक शेवया प्रवासात चुरा होऊन गेल्या होत्या. तिने तो चुरा मला दाखवला. आयेने लांबूनच पाहिलं.

"शिरवाळे होये काय हिका? आधी सांगूचा नाय?"

आमचा शेवयांचा लाकडी साचा माळ्यावर होता. गुरू गेल्यापासून तो कोणी खाली काढला नव्हता. दाबायला जोर लागतो, आणि ते काम गुरूचं. आयेने तांदळाच्या उकडीचे गोळे केले, गरम गरम साच्यात घातले आणि थुईने आपलं सगळं वजन त्या दांड्यावर टाकलं. पांढऱ्या शेवया केळीच्या पानावर उतरल्या. थुई त्या हातात घेऊन बघत राहिली आणि मला म्हणाली, "आमच्याच आहेत या. तो सांगायचा, माझी आई करते तुमच्यासारख्याच. मला खोटं वाटायचं."

मी हे आयेला सांगितलं. आयेने डोळ्यांना पदर लावला आणि मग एकदम हसून म्हणाली, "येतलो तेव्हा सांग त्याका, बायलेक खोटा वाटला म्हणान."

येईल तेव्हा. मी त्याचं इंग्रजी केलं नाही.

दोघी पाटाशी समोरासमोर बसल्या. ओला पापड, त्यावर सॅलडचं पान, पुदिना, कोथिंबीर, शिरवाळ्यांचा एक झुबका, आणि सुंगटांचे काप असे ठेवायचे की केशरी बाजू बाहेर दिसावी. कडा आत मुडपून घट्ट गुंडाळायचं. आयेची पहिली गुंडाळी फाटली, दुसरी फुगली, तिसरी जमली. "पातोळेच हे," ती म्हणाली, "फक्त हळदीचा पान नाय, आणि उकडूचा नाय." थुई भाजलेले दाणे खलबत्त्यात कुटत होती, चिंच-गूळ आणि लसूण घालून दुसरी एक चटणी करत होती. घरात किती दिवसांनी दोन बायकांच्या कामाचा आवाज होता. मी दाराशी उभी राहून ठरवत होते, की आता सांगते. ही गुंडाळी झाली की सांगते.

सगळं झाल्यावर थुईने फडताळातून वाट्या काढल्या. एक, दोन, तीन. थोडी थांबली आणि चौथी काढली. चारींमध्ये तिने ते आंबटगोड पाणी ओतलं.

आयेने माझा दंड धरला.

"चार," ती म्हणाली. "कुंदा, चार वाटये काढल्यान हिणा. बघलंस? मी म्हणा होतंय ना तुका? हिका म्हायत आसा. तो येतलो."

"आये, ऐक..."

"गप. विचारू नको तिका. सांगूचा आसात तेव्हा सांगात."

ती लगबगीने माजघरात गेली. पेटीचं झाकण वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात गुरूची चांदीची वाटी होती, त्याच्या उष्टावणाला मामाने दिलेली. पहिला भात त्याने ज्या वाटीतून खाल्ला ती. पदराने पुसून तिने ती थुईपुढे ठेवली, चौथ्या वाटीतलं पाणी तिच्यात ओतलं आणि थुईच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण सुनेला घरात घेतलं म्हणावं असं ते तेव्हाच झालं.

थुई माझ्याकडे वळली. "ची, तू विचारलंस. आईने परवानगी दिली."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. दोघींचे चेहरे सारखेच उजळलेले. एकीला वाटत होतं नवरा आज घरी पोचणार, दुसरीला वाटत होतं मुलगा आज घरी पोचणार. मधे मी एकटी होते, आणि दोघींशी बोलायच्या दोन्ही भाषा येत असून मला एकाही भाषेत तोंड उघडता आलं नाही.

थुईने ताटात सगळ्यात नीट जमलेल्या गुंडाळ्या मांडल्या, चांदीची वाटी ठेवली आणि ते ताट उचलून फळीवर, फोटोसमोर ठेवलं.

"थय कित्याक ठेवता?" आये म्हणाली. "मांजर तोंड घालात. सांग तिका, तो येयसर झाकून ठेव."

थुईने पेल्यात तांदूळ भरले. पिशवीतून तीन उदबत्त्या काढल्या, पेटवल्या, फुंकर न मारता हात हलवून ज्योत विझवली आणि तांदळात रोवल्या. धूर सरळ वर गेला.

आयेच्या हातात झाकायला घेतलेलं ताट होतं, ते तसंच राहिलं.

थुईने डोळे मिटले, हात जोडून कपाळाला लावले, तीनदा वाकली. आपल्या भाषेत पुटपुटली. मग डोळे न उघडता, आमच्या भाषेत, गुरूने शिकवलं होतं त्याच सुरात म्हणाली, "गुरू, जेवक ये."

आवाज मोठा नव्हता. आयेच्या हाकेचेच शब्द. पण तीन वर्षांत मी ते शब्द असे ऐकले नव्हते. यात वाट बघणं नव्हतं.

"ही काय करता?" आयेने विचारलं. माझ्याकडे न बघता.

"कुंदा, तुका विचारतंय."

"आये, त्यांच्यात..."

तिने ते झाकणाचं ताट खाली ठेवलं. "म्हाळाक बोलवतत तसा बोलवता ही," ती म्हणाली. "पितरांका."

मला वाटलं आता ती ते ताट फळीवरून उचलून खळ्यात फेकणार. काकांना घालवलं तसं हिला घालवणार. मी थुईच्या आणि तिच्या मधे जाऊन उभी राहिले. पण आये खांबाला टेकून जमिनीवर बसली. पाय पसरून, म्हाताऱ्या बायका बसतात तशी. ती म्हातारी झाली आहे हे मला तोवर दिसलं नव्हतं.

थुई डोळे पुसून वळली आणि आयेला बसलेली बघून तिच्याशेजारी जाऊन बसली. आयेने तिला ढकललं नाही. तिने थुईचा हात घेतला आणि उलटा करून बघत राहिली. मग म्हणाली, "सांग कुंदा तिका. विचार, ती रोज रडता काय."

मी विचारलं. थुईने मान हलवली. "आता रोज नाही," ती म्हणाली.

मी तेही सांगितलं.

"मी एकदाय रडाक नाय," आये म्हणाली. "रडलंय आसतंय तर तो मेलो आसतो."

आणि मग ती रडली. आवाज न करता, उदबत्त्यांकडे बघत. राख वाकून तांदळांवर पडत होती.

शेवटची उदबत्ती विझली तेव्हा थुई उठली. फोटोसमोरचं ताट तिने खाली काढलं आणि आयेसमोर ठेवलं. त्यांच्यात तसंच असतं. गेलेला जेवून गेला की त्याचं ताट घरच्यांनी वाटून खायचं. मी आयेला हे सांगायला लागले, पण थुईने आधीच हात जोडले होते.

"आये, जेवक ये."

आमच्यात पितरांचं पान कावळ्याला जातं, घरचे त्याला हात लावत नाहीत. हे आयेला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तिने एक गुंडाळी उचलली, टोक चावलं आणि उरलेली चांदीच्या वाटीत बुडवली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आये, ती त्याची वाटी."

"म्हायत आसा," ती म्हणाली. "पोराचा उष्टां आयेक चलता."

तिने ती गुंडाळी संपवली. दुसरी उचलून थुईच्या हातात दिली आणि वाटी तिच्यापुढे सरकवली. "तूय खा," ती म्हणाली. ते तिने नाव घेतलं होतं, की तू पण म्हटलं होतं, कोण जाणे. थुईने बुडवून खाल्लं. मग वाटी माझ्यापुढे आली. मीही बुडवलं. बाकीच्या तीन वाट्या भरलेल्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी थुईला निघायचं होतं. संध्याकाळी ती आत पिशवी भरत होती, मी ओटीवर वह्या घेऊन बसले होते. आयेने तुळशीला दिवा लावला. मी नेहमीसारखी मनातल्या मनात तयार झाले, की आता ती खळ्याच्या टोकाला जाणार आणि आता हाक येणार. तुळशीशी ती थोडी रेंगाळली, पदराला हात पुसले आणि आत गेली.

स्वयंपाकघरातून ताटं मांडल्याचा आवाज आला. एक, दोन, तीन. मी चौथ्याची वाट बघत राहिले. ते वाजलं नाही.

तीन वर्षं मी या घरातली शहाणी होते. गुरू गेला हे मला पहिल्या दिवसापासून कळलं होतं, असं मी समजत होते. मला काहीही कळलं नव्हतं. आये हाक मारत होती तोवर मला शहाणं राहता येत होतं, एवढंच. रोज मी त्या हाकेला कंटाळायची आणि रोज तिच्या मागोमाग माझाही कान समुद्राकडे लागायचा. वह्या तिथेच टाकून मी खळ्याच्या टोकाला गेले. अंधार पडत होता, पाणी दिसत नव्हतं, नुसतं वाजत होतं. "गुरू," मी म्हटलं. पुढचे दोन शब्द काही केल्या निघेनात. मी तोंडावर पदर धरून तिथेच उभी राहिले, माझा भाऊ गेला म्हणून, तीन वर्षांनी.

मागे दारात आये येऊन उभी राहिलेली मला कळली नाही.

"कुंदा," तिने हाक मारली. "जेवक ये गो."